पोटात खरंच गोळा येतो

एक बूट पायात, दुसरा हातात. "आई, पोटात दुखतंय." कपाळाला हात लावून पाहिला तर ताप नाही. शाळेची वेळ टळते आणि तासाभरात तेच मूल ठोकळ्यांचा मनोरा रचत बसतं. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "सगळी नाटकं आहेत!"

कळ मात्र खरी असते. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि शरीर पळायच्या तयारीला लागतं. रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. जठराचं काम मंदावतं, मोठं आतडं उलट जोरात आवळू लागतं. म्हणून मळमळ, म्हणून कळ, आणि नेमकी निघतानाच शौचाला जायची घाई. आपण 'भीतीने पोटात गोळा आला' म्हणतो ते अक्षरशः घडत असतं. धोका टळला की आतडी शांत होतात, त्यामुळे खेळायला लागलेलं मूल खोटं बोलत होतं असं ठरत नाही. (दुखणं सुट्टीच्या दिवशीही असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावं.)

दांडी मारणारं मूल घरी कळू न देता भटकतं. हे मूल घरातच असतं, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर. भीतीपोटी असं शाळा टाळण्याला १९४१ साली अमेरिकेत 'स्कूल फोबिया' (शाळेची भीती) हे नाव मिळालं. आता बरेच तज्ज्ञ 'स्कूल रिफ्यूझल' (शाळेला नकार) म्हणतात, कारण मुळाशी दर वेळी शाळेचीच भीती नसते. कधी आईपासून दूर होणं जड जातं, कधी वर्गात सगळ्यांसमोर बोलणं.

खरी अडचण 'बरं, आज राहा घरी' म्हटल्यानंतर सुरू होते. मुलाला लगेच हायसं वाटतं, आणि मेंदू तेवढंच लक्षात ठेवतो: गेलो नाही, म्हणून वाचलो. शाळेत गेल्यावर भीती हळूहळू ओसरली असती, हे अनुभवायची संधीच त्याला मिळत नाही. दर सुटलेल्या दिवसागणिक उद्याचं फाटक आणखी उंच होतं. प्रेमापोटी दिलेली सूट भीतीलाच खतपाणी घालते. आणि ओढत नेलं, तर शाळा म्हणजे धोका ही समजूत आणखी पक्की होते.

मधला रस्ता १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवला. पीटर नावाचा सुमारे ३ वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ देत त्यांनी पिंजऱ्यातला ससा दर खेपेला थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला मायेने कुरवाळू लागला.

शाळेचंही तसंच करता येतं. आज फाटकापर्यंत, मग रिकाम्या वर्गात बाईंशी दोन शब्द, मग एकच तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पायरी इतकी लहान हवी की भीती वाटली तरी पेलवेल. आणि भीती कमी होईपर्यंत तिथे थांबायला हवं, नाहीतर पुन्हा पळण्याचाच धडा गिरवला जातो. यात वर्गशिक्षकांना पहिल्या दिवसापासून सामील करून घ्यावं. घरी राहायचा दिवस आलाच तर शाळेच्या वेळेत टीव्ही, मोबाइल नको. हे रागाने करू नये. घर शाळेपेक्षा मजेचं ठरलं की परतणं अवघड होतं, एवढंच कारण.

"का जायचं नाही?" या प्रश्नाला बहुतेकदा "माहीत नाही" असंच उत्तर येतं, आणि ते प्रामाणिक असतं. त्यापेक्षा कागदावर त्याच्या दिवसाचा रस्ता काढावा: घर, बस, फाटक, वर्ग, डबा, स्वच्छतागृह. मग विचारावं, पोटात कुठे दुखायला लागतं? बोट कधी मोठ्याने वाचायला लावणाऱ्या तासावर थांबतं, तेव्हा वाचन खरंच जड जातंय का हे तपासून घ्यावं. कधी ते बसच्या मागच्या बाकावर थांबतं, जिथे कोणी तरी रोज छळतं. अशा वेळी आधी मोठ्यांनी तो छळ थांबवायचा. तोवर मुलाकडे एकही पायरी मागू नये.