मूत्रनिर्मिती

वृक्कांत (मूत्रपिंडांत) रक्त गाळले जाऊन मूत्र तयार होण्याची क्रिया. वृक्काला बोलीत ‘गुरदा’ म्हणतात व मुंबईच्या मटणबाजारात हाच शब्द चालतो. बकऱ्याचा गुरदा उभा चिरल्यास बाहेरचा तांबूस-तपकिरी बाह्यक आणि आतल्या बाजूस फिकट होत गेलेला मध्यक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. मात्र बकऱ्यात मध्यकाचे शंकू जुळून एकच कणा बनलेला असतो, तर माणसात ते सुटे असतात.

मानवी वृक्कात सरासरी सुमारे १० लाख वृक्काणू (नेफ्रॉन; मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात. व्यक्तिपरत्वे ही संख्या बरीच कमीजास्त आढळते. प्रत्येक वृक्काणूच्या आरंभी केशवाहिन्यांचा गुच्छ व त्याला कवेत घेणारे बोमन संपुट असते आणि संपुटापासून पुढे नलिका निघते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा वृक्कांकडे जातो आणि गुच्छातील दाब इतर केशवाहिन्यांतल्यापेक्षा जास्त असल्याने पाणी, लवणे, ग्लुकोज व यूरिया संपुटात उतरतात. रक्तपेशी व बहुतेक प्रथिने मागे राहतात. हा गाळ (गाळून आलेला द्रव) दिवसाला सुमारे १८० लिटर भरतो, पण मूत्र मात्र एक ते दोन लिटरच होते. उरलेले सर्व नलिकांतून रक्तात परत जाते, म्हणून वृक्काला केवळ ‘गाळणी’ म्हणणे अर्धेच खरे आहे.

या क्रियेच्या स्वरूपाविषयी दीर्घकाळ वाद होता. सुश्रुतसंहितेत, तोंडापर्यंत पाण्यात ठेवलेला नवा घडा जसा बाजूंनी पाझरून भरतो तसा बस्ती (मूत्राशय) मूत्राने भरतो, असा दृष्टांत आहे. त्यात आधुनिक गाळणक्रियेचे पूर्वज्ञान पाहण्याचा मोह काही अभ्यासकांना होतो. परंतु दृष्टांत बस्तीचा आहे, वृक्काचा नाही, आणि चरकसंहितेत तर वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे (मेद वाहणाऱ्या मार्गांचे) मूळ मानले आहेत. त्यामुळे हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटतो. यूरोपात विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये संपुट व नलिका यांचे सातत्य दाखविले. तथापि गुच्छातून केवळ पाणी येते व घन द्रव्ये नलिका स्रवतात, असे त्यांचे मत होते. त्याच दशकात कार्ल लूटव्हिख यांनी गुच्छात दाबामुळे गाळण होते व नलिकांत गाळ आटतो, असे मांडले, तर रुडोल्फ हायडेनहाइन यांनी पुढे स्रवणाचीच बाजू घेतली. जोसेफ वेर्न व ए. एन. रिचर्ड्‌स यांनी १९२० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या एकेका संपुटात काचेची अतिसूक्ष्म नळी खुपसून द्रव काढला. त्यात प्रथिन नव्हते, पण साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयात मात्र ती नव्हती. यावरून गाळण व पुनःशोषण दोन्ही सिद्ध झाली. हायडेनहाइन यांचेही सर्वस्वी चुकले नव्हते, कारण काही द्रव्ये नलिका खरोखरच स्रवतात.

गाळाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग निकटवर्ती (संपुटालगतच्या) नलिकेतच शोषला जातो. ग्लुकोज प्रायः पूर्णपणे परत घेतले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण दर १०० मिलि. मध्ये १८० मिग्रॅ.च्या आसपास पोचल्यावर नलिका अपुऱ्या पडून ते मूत्रात उतरते. हेनले पाशामुळे (नलिकेच्या मध्यकात उतरून परत वळणाऱ्या भागामुळे) मध्यकातील द्रव अधिकाधिक खारट होत जातो आणि प्रतिमूत्रल (मूत्राचे प्रमाण घटविणारे) हॉर्मोन असताना संग्राहक (शेवटच्या) नलिकेतील पाणी तिकडे ओढले जाते. मुंबईच्या ऑक्टोबरमधील उकाड्यात घामावाटे पाणी जाऊन मूत्र थोडे व गडद पिवळे होते, ते यामुळेच.

मुंबईत पावसाळी तुंबलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या रोगाची साथ २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतरही आली होती. यात नलिकांचे काम विशेषेकरून बिघडत असल्याने काही रुग्णांत मूत्राचे प्रमाण न घटताच वृक्क निकामी होऊ लागतात व रक्तातील पोटॅशियम कमी होते.