वन्य प्राण्यांच्या संख्येचे अनुमान

सतत हिंडणाऱ्या आणि एका वेळी सगळेच्या सगळे कधीही दृष्टीस न पडणाऱ्या प्राण्यांची एखाद्या क्षेत्रातील संख्या नमुन्यावरून काढण्याची रीत. जंगलात वा समुद्रात शिरगणती जमत नाही. काही प्राणी दिसतच नाहीत, तर काही जागा बदलल्याने दोनदा मोजले जातात. त्यामुळे किती प्राणी दिसले याइतकाच, असलेला प्राणी दिसण्याची शक्यता किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सर्वांत परिचित पद्धत चिन्हांकन व पुनर्ग्रहणाची आहे. काही प्राणी पकडून, खूण करून सोडतात आणि ते इतरांत मिसळल्यावर पुन्हा काही पकडतात. दुसऱ्या खेपेत खुणेच्या प्राण्यांचे जे प्रमाण आढळते, तेच एकूण संख्येतही असेल असे मानतात. समजा, 60 प्राण्यांना खूण केली आणि पुढे सापडलेल्या 80 पैकी 12 खुणेचे निघाले, तर एकूण संख्या 400 येते. मात्र 12 ऐवजी 11 निघाले असते तर हेच उत्तर 436 आले असते; म्हणून अनुमानासोबत त्याची संभाव्य कक्षा न देणे ही गंभीर चूक होय. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास याने 1802 मध्ये फ्रान्सच्या लोकसंख्येसाठी असेच गुणोत्तर वापरले होते. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन याने ते माशांच्या, तर अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंकन याने 1930 मध्ये बदकांच्या अभ्यासात आणले.

हे गणित सोपे असले, तरी त्यामागील गृहीतके कठोर आहेत. दोन खेपांमध्ये जन्म, मृत्यू किंवा ये-जा होऊ नये, खूण गळू नये आणि प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी असावी, असे त्यात धरलेले असते. एकदा पकडलेला प्राणी पिंजऱ्याला बिचकू लागला तर अनुमान फुगते. आमिषाला सोकावला तर घटते. जन्म, मृत्यू व ये-जा होत असलेल्या संख्येसाठी संख्याशास्त्रज्ञ जॉली आणि सीबर यांनी 1965 मध्ये स्वतंत्र गणिती प्रतिमाने (मॉडेल) मांडली.

वाघाचे पट्टे किंवा देवमाशाच्या शेपटीवरील डाग ही जन्मजात खूणच असल्याने तेथे छायाचित्रावर भागते. तरीही कॅमेऱ्यांच्या क्षेत्राच्या काठावर वावरणारा प्राणी अर्धा बाहेरच असतो, आणि त्याला पूर्ण धरल्यास घनता वाढीव येते. प्रत्येक प्राणी नेमका कोठे कोठे टिपला गेला, याचाही हिशेब धरणाऱ्या अलीकडच्या पद्धती ही अडचण बऱ्याच अंशी दूर करतात.