मुलांच्या ऑपरेशनचे व्हिडिओ, आणि त्यांना मार्क देणारी पट्टी

मुलाला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं की आईबाप रात्री मोबाईल घेऊन बसतात. अशा व्हिडिओंचा दर्जा तपासणारे भरपूर अभ्यास झालेत आणि बऱ्याचदा निकाल एकच, दर्जा यथातथा. पण हे मार्क बहुतेक वेळा ज्या पट्ट्यांनी देतात त्या व्हिडिओसाठी बनल्याच नव्हत्या.

1997 मध्ये जामा या मेडिकल जर्नलने वेबसाइटसाठी चार निकष मांडले: लिहिलं कोणी, माहिती घेतली कुठून, पैसा कोणाचा, तारीख कोणती. मग 1999 मध्ये इंग्लंडमधून डिसर्न आलं, 16 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, तेही उपचारांच्या लेखी माहितीसाठी. यूट्यूब आलं 2005 मध्ये, आणि 2007 च्या एका अभ्यासात लसीकरणाचे 153 व्हिडिओ बघितले तर विरोधातल्या व्हिडिओंनाच व्ह्यूज आणि रेटिंग जास्त! म्हणजे व्ह्यूज बघून भरवसा ठेवायची सोय तेव्हाच संपली होती.

त्यानंतर मग जो तो आपापल्या आजाराचे व्हिडिओ मोजायला लागला, पट्टी मात्र तीच जुनी, त्यामुळे डॉक्टरने सोप्या भाषेत नीट समजावलं पण संदर्भ दिले नाहीत की मार्क कापले.

मुलांच्या बाबतीत खरी गोची वेगळीच आहे. मोठ्यांच्या जांघेतल्या हर्नियात सहसा जाळी बसवतात, लहान मुलांमध्ये साधारणपणे जाळी लागतच नाही, हर्नियाची पिशवी वेगळी करून मुळाशी बांधतात. मोठ्यांचा व्हिडिओ बघितलेली आई 'एवढ्याशा पोटात जाळी?' म्हणून हादरते, व्हिडिओ मात्र त्याच्या जागी अगदी बरोबर असतो. कुठल्या वयासाठी आहे हा प्रश्न त्या चार निकषांत नाही. शिवाय दुर्बिणीच्या ऑपरेशनचं कितीतरी शूटिंग शिकाऊ सर्जनसाठी केलेलं असतं, ते आईबापांच्या सर्चमध्ये येतं, त्यात टाके दिसतात पण मुलाला उपाशी किती वेळ ठेवायचं, घरी कधी सोडतील, यातलं काही नाही (आणि घरच्यांना तेच तर हवं असतं).

2013 मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने पेमॅट आणलं, त्यात व्हिडिओसाठी वेगळे प्रश्न आहेत: सामान्य माणसाला कळतं का, नेमकं काय करायचं ते सांगितलंय का. मला ही पट्टी जास्त पटते, पण माहिती खरी आहे की नाही हे ती बघत नाही. 2021 मध्ये यूट्यूबने अमेरिकेत हॉस्पिटल वगैरेंच्या व्हिडिओखाली ओळखपट्टी लावायला सुरुवात केली. ती चॅनल कोणाचं एवढंच सांगते, आतला प्रत्येक व्हिडिओ कोणी तपासलाय असा तिचा अर्थ नाही.