केम्पेनचे विलो: जस्ताच्या धुरापासून भिंतीतल्या फळीपर्यंत

बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवर केम्पेन नावाचा रेताड प्रदेश आहे. तिथल्या प्रदूषित जमिनीत वाढलेल्या विलो (आपल्याकडच्या वाळुंजाचे भाऊबंद) आणि पॉपलर या झाडांच्या लाकडाचे तंतू फायबरबोर्डात (तंतू दाबून बनवलेल्या फळीत) किंवा भिंतीतल्या उष्णतारोधक थरात वापरता येतील का, या प्रश्नाची मुळे जस्ताच्या भट्ट्यांत आहेत.

1879 मध्ये अँटवर्पहून जर्मनीकडे जाणारा लोहमार्ग या माळरानातून गेला. जमीन स्वस्त होती, वस्ती विरळ होती आणि धुराबद्दल तक्रार करायला फारसे कोणी नव्हते. बालेन, ओव्हरपेल्ट, बुडेल (1892), लोमेल (1904) असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा विषारी धातू असतोच. जस्त 907 अंश सेल्सियसला उकळते, कॅडमियम मात्र 767 अंशांनाच. त्यामुळे भट्टी तापली की कॅडमियमची वाफ आधी सुटायची आणि धुरांड्यावाटे शिवारभर पसरायची. भट्टीची राख तर गावोगावच्या रस्त्यांवर भर म्हणून पडली. 1970च्या दशकात विजेने जस्त वेगळे करण्याची पद्धत आली, तोवर सुमारे 700 चौरस किलोमीटर जमिनीत हे धातू मुरले होते. आम्लधर्मी वाळू कॅडमियमला धरून ठेवत नाही, ते भाजीपाल्यात उतरते. 1985 ते 1989 दरम्यान बेल्जियममध्ये झालेल्या ‘कॅडमिबेल’ पाहणीत मूत्रपिंडांवर त्याचा परिणाम दिसला, तेव्हा हा विषय फक्त मातीचा उरला नाही.

एवढ्या विस्ताराची माती उकरून नेणे शक्यच नव्हते. 1990 मध्ये लोमेलजवळच्या माटहाइडे इथल्या जुन्या कारखान्याच्या तीन हेक्टरांवर याको फांग्रोन्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीत बेरिंगाइट (धातू धरून ठेवणारा खनिज पदार्थ) आणि कंपोस्ट मिसळून धातू जागच्या जागी बांधून ठेवले आणि उजाड जमिनीवर गवत उगवून दाखवले. दुसरी कल्पना याच्या उलट होती. झाडांकरवी धातू मातीतून ओढून काढावेत, असे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ रूफस चॅनी यांनी 1983 मध्येच मांडले होते. विलो कॅडमियम आणि जस्त भरपूर शोषतात, म्हणून लोमेलला त्यांची प्रायोगिक लागवड झाली. पण वेग फार कमी. माती निवळायला अनेक दशके लागणार आणि तोवर शेतकऱ्याने खायचे काय? मग जमिनीच्या सफाईइतकेच महत्त्व लाकडाच्या विक्रीला आले.

पहिला पर्याय जळणाचा होता. स्वीडनमध्ये 1973च्या तेलसंकटानंतर ऊर्जेसाठी विलोची शेती रुजलीच होती. पण कॅडमियमचे लाकूड जाळले की भट्टीतलीच गोष्ट पुन्हा घडते: धातूची वाफ होते आणि थंड होताना ती उडत्या राखेच्या कणांवर बसते. चांगली गाळणयंत्रणा नसेल तर तोच धूर पुन्हा शिवारात. दुसरा पर्याय फळीचा. फायबरबोर्डासाठी लाकडाच्या चिपा साधारण 160 ते 180 अंशांच्या वाफेत मऊ करून पिंजतात. या तापमानाला कॅडमियमची वाफ होत नाही, शिवाय लाकडातला कार्बन घराच्या आयुष्याइतका काळ बांधलेला राहतो. या कल्पनेचे खरे बळ मला इथे दिसते.

अडचणही झाडाच्या आतच आहे. विलोत कॅडमियम सर्वाधिक पानांत, त्याखालोखाल सालीत आणि सर्वांत कमी खोडाच्या लाकडात असते. दर तीन-चार वर्षांनी छाटलेल्या बारीक फोकांत सालीचे प्रमाण जास्त, म्हणून फळीसाठी जाड, सोललेले खोड बरे. तोडणी हिवाळ्यात, पानगळीनंतर झाली तर लाकूड आणखी स्वच्छ मिळते, पण पानांतले कॅडमियम परत मातीत जाते. माती स्वच्छ करायची तर पाने गोळा करायला हवीत आणि ती फळीच्या कामाची नाहीत. एकाच झाडाकडून दोन्ही कामे पूर्णपणे होत नाहीत, हे लागवड करण्यापूर्वीच शेतकऱ्याला स्पष्ट सांगायला हवे.

नियमही एकसारखे नाहीत. युरोपातल्या फळी-उद्योगाच्या संघटनेने पुनर्वापराच्या लाकडापासून बनणाऱ्या फळ्यांसाठी खेळण्यांच्या सुरक्षा-मानकावरून मर्यादा ठरवली, ती किलोमागे 50 मिलिग्रॅम कॅडमियमची. जर्मनीचा जुन्या लाकडाबाबतचा नियम, 2003 पासून लागू, फळीसाठी जाणाऱ्या चिपांत किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या वर कॅडमियम चालू देत नाही. नुकत्याच तोडलेल्या विलोला हा नियम लागत नाही. मात्र घर पाडल्यावर ती फळी जुने लाकूड ठरते. तेव्हा तिची पुन्हा फळी करायची असेल, तर तिला 2 मिलिग्रॅमच्या आतच बसावे लागेल.