धोंडसाचा खरपूसपणा आणि बिडाचे भांडे

मोठी जून काकडी किसून तिच्याच पाण्यात तांदळाचा रवा शिजवायचा, त्यात गूळ आणि ओले खोबरे घालायचे, ते मिश्रण जाड बुडाच्या भांड्यात ओतायचे आणि मग भांड्याखाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवायचे, ही कोकणातील धोंडसाची जुनी रीत. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांतील भानोले आणि गोव्याची बेबिंका हेही याच वरखाली विस्तवाच्या जातकुळीतले पदार्थ आहेत. तेच धोंडस आज विजेच्या ओव्हनमध्ये केले की जुनी चव उतरली नाही, अशी कुरकुर हमखास ऐकू येते. ती निव्वळ हळवेपणातून येते असे मानण्याचे कारण नाही. तिच्यातील बराचसा भाग तापमापकाने आणि वजनकाट्याने तपासता येतो.

रवा, गूळ आणि पाणी यांचे दाट मिश्रण उष्णतेचे मंद वाहक असते. केवळ खालून आच दिली तर वरचा थर शिजण्याआधीच बूड करपते. शिवाय पदार्थाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण मिळालेली उष्णता वाफ करण्यातच खर्च होते. खरपूस रंग आणि वास देणारी अमिनो आम्ले व शर्करा यांच्यातील प्रक्रिया, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी 1912 मध्ये केले, ती साधारण 140 अंशांच्या पुढे वेग घेते. म्हणजे वरचा पापुद्रा आधी कोरडा व्हायला हवा आणि मगच तो तांबूस होणार. झाकणावरचे निखारे नेमके हे काम करतात. लालबुंद निखाऱ्याचे तापमान 600 अंशांहून अधिक असते, पण मध्ये धातूचे झाकण असल्याने ही धग थेट पदार्थावर पडत नाही. झाकण तापते आणि तेच खालच्या पृष्ठभागावर सौम्य प्रारण, म्हणजे किरणांवाटे जाणारी उष्णता, सोडते. बेबिंकेत तर ही वरची आचच मुख्य असते, कारण नारळाचे दूध, अंड्यातील बलक, साखर, मैदा आणि तूप यांचा एकेक पातळ थर वरून भाजला गेल्यावरच त्यावर पुढचा ओततात. या गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आता भांड्याकडे वळू. जड भांड्यात ‘उष्णता चांगली पसरते’ असे सर्रास म्हटले जाते, ते बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बाबतीत खरे नाही. उष्णतावाहकता मोजली तर तांब्याची सुमारे 400, ॲल्युमिनियमची 235, पितळेची 110 ते 120, बिडाची 50 च्या आसपास आणि स्टेनलेस स्टीलची अवघी 15 वॅट प्रति मीटर प्रति अंश भरते. बिडाचा तवा मोठ्या शेगडीवरही मध्यभागी आधी तापतो, हे आंबोळ्या घालणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. बिडाचे खरे बळ त्याच्या वजनात आहे. 2 किलो वजनाचे बिडाचे भांडे एक अंशाने तापवायला सुमारे 920 जूल उष्णता लागते, तर अर्धा किलोच्या स्टीलच्या पातेल्याला सुमारे 250 जूल पुरतात. म्हणून थंड मिश्रण ओतल्यावर पातळ पातेल्याचे तापमान एकदम कोसळते आणि बिडाचे थोडेच उतरते. निखारे राखेने झाकले गेले, वाऱ्याने फुलले, तरी आतल्या पदार्थाला तो चढउतार फारसा जाणवत नाही. भट्टीचे तापमान ठरवणारे बटण नसताना ही स्थिरता धातूच्या जडपणातूनच मिळत होती.

कुकरमध्ये वाळू पसरून नानकटाई भाजण्याची युक्तीही याच गरजेतून आली. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असल्यामुळे ती उष्णतेची अगदी मंद वाहक असते, सुमारे 0.3 वॅट प्रति मीटर प्रति अंश. त्यामुळे वाळूच्या थरातून ज्योतीची धग सावकाश आणि समप्रमाणात वर येते. कुकरची शिट्टी आणि रबरी कडे मात्र आधी काढून ठेवावे लागते. कोरड्या उष्णतेने रबर खराब होते आणि वाफेला वाटही राहत नाही.

पितळी भांड्यांचा प्रश्न निराळा. तांबे आणि जस्त यांच्या या मिश्रधातूत आंबट पदार्थ ठेवला की धातूचे क्षार उतरतात आणि पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लागते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर (अमोनियम क्लोराइड) टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर म्हणजे केवळ दिखाऊ भाग नव्हे: नवसागराच्या विघटनातून निघणारे हायड्रोजन क्लोराइड धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकते, आणि स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने पसरते. शुद्ध कथील 232 अंशांना वितळते. नानकटाईला 170 ते 180 अंश पुरेसे असल्याने कल्हईच्या भांड्यात ती भाजणे तसे सुरक्षित, पण भांडे रिकामेच तापत राहिले तर कल्हई ओघळते. कथिलात शिशाची भेसळ असेल तर हा वितळणबिंदू 183 अंशांपर्यंतही खाली येऊ शकतो आणि शिसे पोटात जाण्याचा धोका वेगळाच. आईआजींच्या काळातील प्रत्येक कल्हई शुद्ध होती, असे मानून चालणार नाही.

डालड्याच्या नानकटाईची आठवण काढणाऱ्यांनाही येथे थोडे दुखवावे लागेल. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची प्रक्रिया जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधली आणि डालडा भारतात 1937 मध्ये आला. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणाऱ्या या स्निग्धाने नानकटाई भुसभुशीत होई हे खरे, पण अर्धवट हायड्रोजनीकरणातून तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयासाठी घातक ठरली आणि जानेवारी 2022 पासून भारतात तेल व स्निग्धांमध्ये त्यांची मर्यादा 2 टक्के करण्यात आली. घट्ट साजूक तूप भरपूर फेसून घेतले की तो भुसभुशीतपणा बराचसा साधतो.

उरतो तो नाकाचा भाग. माणसाच्या नाकात गंध ओळखणारी सुमारे 400 प्रकारची ग्राहके असतात. या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात, गंधाचे संदेश मात्र त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे जवळच्या वाटेने पोहोचतात. भाजलेल्या गुळाबरोबर कोळशाच्या धुराचा जो वास लहानपणी मेंदूत नोंदला गेला, तो विजेच्या ओव्हनमध्ये निर्माणच होत नाही. त्यामुळे पोत आणि रंग तंतोतंत जमले तरी ओळखीचा एक घटक गैरहजर राहतो.

पोत आणि रंग मात्र आजच्या ओव्हनमध्येही जमवता येतात. ओव्हनची तार ठरावीक तापमानाभोवती चालूबंद होत असते आणि आतल्या हवेचे तापमान त्यानुसार वरखाली होते. पातळ साच्याऐवजी आधी तापवलेल्या बिडाच्या भांड्यात मिश्रण ओतावे, पहिला बराच वेळ झाकण ठेवून वाफ आत कोंडावी, मध्यभाग शिजल्यावर झाकण काढावे आणि शेवटची दहापंधरा मिनिटे केवळ वरची तार चालू ठेवावी.