एक दिवस चुकला म्हणून कादंबरी बुडत नाही

‘रोज हजार शब्द लिहा, २१ दिवसांत सवय लागते, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजा.’ नव्या लेखकांत वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे.

२१चा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, हे त्यांचं निरीक्षण. लिखाणाशी त्याचा संबंधच नाही, पण पुढे त्याची हमी करून टाकली गेली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला अंदाजे २५४. मधला एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही.

कोकणात तर हे ठासून सांगायला हवं. मे महिन्यात देवगडात हापूसच्या पेट्या भरताना, जुलैत भातलावणीच्या चिखलात, गणपतीत घर चाकरमान्यांनी भरल्यावर लिखाण होत नाही, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीही नाही. उरलेल्या दिवसांतले २०० धरा. रोज ३०० शब्द, म्हणजे वहीचं दीडेक पान. वर्षाला ६०,००० शब्द होतात. एवढ्यात कादंबरी सहज बसते. लावणीचा आठवडा हिशेबात धरूच नका.