बांधकामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क : खानदेशी मजुराच्या संदर्भात पार्श्वभूमी

खानदेशातला बांधकाम मजूर अनेकदा आपल्या जिल्ह्याबाहेर जखमी होतो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतून दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन निघालेली कुटुंबे सुरत, नाशिक, पुण्याच्या साइटवर राबतात, आणि परांचीवरून पडून कोणाचा हात-पाय मोडला, तर गाडीभाड्याचे पैसे हातात ठेवून त्याला गावी धाडले जाते. तिथे प्रकरण मिटले, असे घरचेही धरून चालतात. कायद्याच्या दृष्टीने ते मिटलेले नसते, आणि ही स्थिती येण्यास सुमारे शंभर वर्षे लागली आहेत.

1923 पूर्वी जखमी कामगाराला दिवाणी दावा लावून मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागे. सोबतच्या मजुराच्या चुकीने अपघात झाला, किंवा धोका माहीत असूनही याने काम पत्करले, असे बचाव मालकाला उपलब्ध असत. 1 जुलै 1924 पासून अमलात आलेल्या 1923 च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने ही चौकट बदलली. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे पुरेसे ठरले. चूक कोणाची, हा प्रश्न मागे पडला. मात्र संरक्षण मिळणाऱ्या कामांची यादी ठरलेली होती, आणि बांधकामाच्या बाबतीत तिच्यात इमारतीच्या उंचीची अट होती. त्यामुळे खेड्यातले बुटके धाब्याचे घर बांधणारा गवंडी तिच्यात सहसा बसत नव्हता. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या नैमित्तिक कामावरचा मजूर तर व्याख्येतूनच वगळलेला होता. हा अपवाद 2000 च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला.

या कायद्यातली मजुराच्या सर्वाधिक उपयोगाची तरतूद माझ्या मते कलम 12 ही होती. मूळ मालकाने आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराकरवी करून घेतले, तरी भरपाईची जबाबदारी त्या मूळ मालकावरही येते. मुकादम सापडत नाही, ठेकेदार हात वर करतो, हजेरीवहीत नाव नाही, अशा वेळी हीच तरतूद बिल्डरपर्यंत पोहोचवते. कलम 17 तितकेच मोलाचे होते, कारण भरपाईचा हक्क सोडल्याचा करार त्यानुसार रद्दबातल असतो. दवाखान्यातल्या खाटेवर कागदावर घेतलेल्या अंगठ्याने दावा संपत नाही. हेल्मेट किंवा पट्टा मुद्दाम काढून ठेवला होता, हा बचावसुद्धा मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही.

पूर्ण अपंगत्व कशाला म्हणायचे, हे एका सुताराच्या प्रकरणाने ठरवले. 1968 मध्ये एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. अपंगत्व अंशतःच आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1975 मध्ये दिला आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही स्पष्ट केले. सेंट्रिंगवाल्याचा हात किंवा बिगाऱ्याचा पाय गेल्यावर हाच युक्तिवाद आजही करता येतो.

रकमेचे गणित वय आणि मजुरी यांवर चालते. जानेवारी 2020 पासून मजुरीची मर्यादा महिना 15,000 रुपये धरली गेली. 30 वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाल्यास तिचा निम्मा भाग गुणिले 207.98 (त्या वयासाठी ठरलेला गुणक), म्हणजे 15,59,850 रुपये होतात. पूर्ण अपंगत्वासाठी निम्म्याऐवजी 60 टक्के धरतात. महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड लागतो.

खानदेशाच्या दृष्टीने खरे वळण 1995 च्या दुरुस्तीने आले. तोपर्यंत दावा अपघात झाला त्या भागातल्या, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढेच करावा लागे, आणि सुरतेच्या तारखांना तळोद्याहून कोण जाणार? दुरुस्तीनंतर जखमी किंवा त्याचे वारस जिथे राहतात, त्या क्षेत्रातही दावा दाखल करता येऊ लागला. अपघातापासून 2 वर्षांची मुदत तेवढी सांभाळावी लागते. तीच भरपाई मागण्यासाठी आधी दिवाणी दावा लावला असेल, तर मात्र हा मार्ग बंद होतो. दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. पोलिसांत निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवणे ही वेगळी बाब आहे, त्याने भरपाई अडत नाही.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने आणि त्यासोबतच्या उपकराने कल्याणकारी मंडळांचा दुसरा रस्ता उघडला. मंडळाचे अर्थसाहाय्य मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईपेक्षा स्वतंत्र आहे, पण त्यासाठी आधी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र हवे. मुकादम बदलत राहणाऱ्या स्थलांतरिताला नेमका हाच कागद मिळत नाही. भरपाईच्या दाव्याला अशा नोंदणीची गरज नसते, हे म्हणूनच ठळकपणे सांगायला हवे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. 1923 च्या कायद्यातल्या भरपाईच्या तरतुदी आणि कल्याण मंडळे आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, तर साइटवरच्या सुरक्षेचे नियम व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसून आल्यास, आता भरपाईच्या कक्षेत येतो, आणि राहत्या ठिकाणी दावा करण्याची सोय नव्या संहितेतही कायम आहे.